आत्यानं लावलेल्या चार काचा

सुमनआत्याचं नाव आधी लिहितो, कारण बाकी जे काही आहे ते तिच्यामुळे आहे. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये गॉगल बनवायचा एक छोटा कारखाना आहे, तिथं ती सव्वीस वर्षं एकाच टेबलावर बसली. आई-वडील वांगणीच्या पुढे एका फार्महाऊसवर राखणीला आणि माळीकामाला. तिकडे पाचवीनंतर शाळा लांब पडायची, म्हणून आत्यानं मला अंबरनाथला तिच्या एका खोलीत आणलं. नगरपालिकेच्या मराठी शाळेपासून बीएस्सीच्या शेवटच्या पेपरपर्यंत मी त्या खोलीतून गेलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीचा कागद हातात धरला नव्हता. तो कागद मी आधी तिच्या हातात दिला. तिनं तो तिच्या सवयीप्रमाणं खिडकीकडे धरला, उजेड आरपार येतो का बघितलं आणि म्हणाली, "कागद जाड आहे. टिकेल."

ऑक्टोबर पुन्हा आला आहे. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले की आमच्याकडे एक वेगळंच ऊन पडतं. मेमधल्या उन्हाला धूळ असते, त्यामुळे त्याची धार थोडी बोथट होते. हे ऊन मात्र धुऊन काढलेलं. सकाळी दहालाच पत्र्यांवरून उसळी मारतं. एमआयडीसीच्या बाजूनं येणारा तो औषधासारखा वास या उन्हात जमिनीलगत बसून राहतो. बदलापूरच्या पलीकडे डोंगर इतके जवळ दिसतात की हात लावावा. गवताची टोकं पिवळी पडायला लागलेली, उल्हास नदी खाली उतरून शहाण्यासारखी वाहत असते, आणि काठावरच्या मांजर्लीतल्या भिंतींवर जुलैच्या पुराची चिखलाची रेघ तेवढी उरलेली असते.

मी ड्रोननं चित्रीकरण करतो. लग्नं, नव्या इमारती, कधी शाळेचं मैदान. या उन्हात कॅमेऱ्यावर काळी काच लावल्याशिवाय काम होत नाही. आज सकाळी काचांची डबी उघडली. अंगठ्याच्या नखाएवढ्या चार काचा. प्रत्येकीच्या कडेवर लाल ठिपके आहेत आणि त्यांच्या शेजारी निळे. लाल चुकीचे आहेत, निळे बरोबर आहेत. दोन्ही आत्याचेच. गेल्या ऑक्टोबरात लाल पडले. 

या काचांना एनडी फिल्टर म्हणतात. रंगाला हात न लावता त्या फक्त उजेड कमी करतात. गॉगलच म्हणा, कॅमेऱ्याचा. उजेड फार झाला की कॅमेरा डोळा फार पटकन मिटतो. मग प्रत्येक चित्र इतकं रेखीव येतं की चालती रिक्षा चालत नाही, उड्या मारते. काळी काच लावली की डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवता येतो. प्रत्येक चित्रात हालचालीची थोडी पुसट शेपटी येते, आणि ती आली की बघणाऱ्याला सगळं खरं वाटतं. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी आत्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हणजे थोडं कमी दिसलं तर बरं दिसतं." मी हसलो होतो.

काच किती काळी ते आकड्यावर असतं. माझ्याकडे चार, आठ, सोळा आणि बत्तीस होत्या. चारमधून चौथा हिस्सा उजेड आत येतो, आठमधून आठवा, असं पुढे. ऑक्टोबरच्या भर उन्हात मला सोळाची लागते.

आत्याचं काम म्हणजे जोड्या लावणं. गॉगलच्या काचा गरम रंगाच्या टाकीत बुडवतात. कुठल्याही दोन एकसारख्या निघत नाहीत. एखादी क्षणभर जास्त राहिली की गडद. डाव्या डोळ्याला एक छटा आणि उजव्याला दुसरी असा गॉगल घातला तर माणसाचं डोकं दुखतं, पण का दुखतं ते त्याला कळत नाही. म्हणून सगळ्या काचा टेबलावर येतात आणि एक बाई उजेडाकडे धरून त्यांच्या जोड्या लावते. ती बाई आत्या. शेठ सिंधी, बोलायला तिखट, पण तिच्या ट्रेवर त्यानं कधी फिरून नजर टाकली नाही. बाद काचा ती घरी आणायची. मी सहावी-सातवीत असताना रविवारी खिडकीच्या कट्ट्यावर दहा काचा मांडून ती म्हणायची, लाव बघू फिक्यापासून गडदपर्यंत. मी लावायचो. ती मधल्या दोन उचलून अदलाबदल करायची. मला त्या दोघींत काहीच फरक दिसत नसे. "दिसेल," म्हणायची. "डोळ्याला घाई नको करू." भौतिकशास्त्रात मी प्रकाशाचे धडे पुढे बरेच वाचले. पण उजेडाला पायऱ्या असतात हे मला त्या कट्ट्यावर कळलं.

गेल्या ऑक्टोबरात मी एक मूर्खपणा केला. काचांच्या कडांवर बोटांचं तेल बसलं होतं, ते मी थिनरनं पुसलं. काचा वाचल्या, पण कडांवरचे छापील आकडे धुऊन गेले. चार काचा, चारही बिननावाच्या.

खरं तर त्या ओळखणं काही अवघड नव्हतं. मी स्वतः खिडकीपाशी उभा राहिलो असतो तर एका मिनिटात झालं असतं. पण आमच्या घरात काचेची छटा बघायचा मान आत्याचा. नवी छत्री आणली तरी कापडातून ऊन किती येतं ते ती सांगणार. घरात ती असताना मी काच उजेडाकडे धरायची, हे मला उद्धटपणाचं वाटलं. मी डबी तिच्यापुढे ठेवली.

ती खूश झाली, हे मला स्पष्ट आठवतं. पदरानं हात पुसले, खिडकीत बसली. एकेक काच तिनं उजेडाकडे धरली, जेमतेम क्षणभर, आणि मग अंगठा आणि बोटाच्या मध्ये घेऊन बराच वेळ चोळली. मला वाटलं, पुसते आहे. मग कट्ट्यावर चौघी ओळीनं मांडल्या. कारखान्यात बाद फ्रेमवर खूण करायला लाल नेलपॉलिश असतं, त्याची एक बाटली तिच्या पिशवीत कायम असे. ती मला दिली.

"ही सगळ्यात फिकी. एक ठिपका दे. मग दोन, मग तीन, आणि ही शेवटची गडद, तिला चार. एवढंसुद्धा ग्रॅज्युएटला येत नाही?"

मी ठिपके दिले. काचांकडे बघितलं नाही, कडांकडे बघितलं. तिनं सांगितलंय म्हटल्यावर बघायचं काय होतं.

दुसऱ्या दिवशी मांजर्लीच्या बाजूला नदीकाठी एका नव्या इमारतीचं काम होतं. साइटवरच्या माणसानं आधीच बजावलं होतं की नदी दाखवा, पण लांबून, आणि कंपाउंडवरची पाण्याची रेघ येऊ देऊ नका. मी तीन ठिपक्यांची काच लावली, म्हणजे सोळाची. कॅमेऱ्याचे आकडे सोळाच्या हिशेबानं बांधले आणि उडवलं. मोबाइलच्या पडद्यावर तळहाताची सावली धरून बघतो तर सगळं पांढरं. आकाश नाही, डोंगर नाही, नदीच्या जागी धुतलेली चादर. साइटवरचा माणूस माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. म्हणाला, "भाऊ, नदीच गायब केली. हे तर लय बेस्ट झालं."

मी उतरवलं. वाटलं, ऊन जास्त आहे. चार ठिपक्यांची लावली, बत्तीस. आता चित्र काळं यायला हवं होतं. डोंगर थोडे परत आले, पण आकाश अजून पांढरंच. कॅमेरा जळला की काय असं वाटलं. हप्त्यावर घेतलेला ड्रोन. मग कुणास ठाऊक का, मी डबीतल्या चारही काचा तळहातावर घेतल्या आणि दोन-दोन करून आकाशाकडे धरल्या.

एक ठिपक्याची काच कोऱ्या चहासारखी काळी होती. तिच्यातून डोंगराची नुसती कड दिसत होती. तीन ठिपक्यांची काच जवळजवळ स्वच्छ पाण्यासारखी.

मी त्या पुन्हा खाली घेतल्या, पुन्हा वर धरल्या. हा मी खिडकीच्या कट्ट्यावर चुकायचो तसला बारीक फरक नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही थांबवून विचारलं असतं तरी त्यानं न अडखळता सांगितलं असतं. साइटवरचा माणूसच म्हणाला, ही काळी आहे ना, ही लावा की.  ठिपके देताना माझीच गडबड झाली असेल, असं मनाला सांगून पाहिलं. पण तिचा आवाज स्पष्ट आठवत होता, आणि आठवत होती ती काच चोळणारी बोटं. ती पुसत नव्हती. ती हातानं शोधत होती.

पुढचं मी ज्या पद्धतीनं केलं त्याची मला अजून लाज वाटते. बाईक काढली आणि थेट उल्हासनगर गाठलं. कारखान्यात घासायच्या चाकांचा आवाज चालू असतो, तिथं मोठ्यानं बोलायची सवय लागते. आत्याच्या शेजारी वीस वर्षं बसणारी लाजोमावशी दारातच भेटली. सिंधी बाई, मला लहानपणापासून ओळखणारी. तिला मी त्याच मोठ्या आवाजात विचारलं, "मावशी, आत्याला दिसत नाही का?"

सगळ्या बायकांनी माना वर केल्या. लाजोमावशीनं माझं मनगट धरलं.

"धीरे बोल ना रे. दो साल हो गया. तेरे को आज पता चला?"

मग तिनं दबक्या आवाजात जे सांगितलं ते मी उभ्या उभ्या ऐकलं. दोन वर्षं जोड्या लाजोमावशीच लावत होती. सकाळी लवकर येऊन आत्याच्या ट्रेमध्ये काचा जोडीनं शेजारी शेजारी मांडून ठेवायची. आत्या बोटांनी ट्रेच्या खाचा मोजून दोन-दोन उचलायची आणि डबीत भरायची. दोघींत यावर कधी एक शब्द झाला नव्हता. शेठला बहुधा माहीत होतं. टेबलावर दोन वेळा नवे दिवे लावून दिले होते त्यानं, आत्यानं उजेड कमी आहे म्हणून तक्रार केल्यावर.

आत्या आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिची बोटं थांबली नव्हती. तिनं दोन काचा उचलल्या, ट्रेच्या कडेला ठेवल्या आणि समोर कुणाकडेही न बघता म्हणाली, "ही जोडी बरोबर आहे का बघा गं कुणी."

 

धक्का एकदाच बसतो, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. तो नंतर घरभर सापडत राहतो. मिठाची बरणी तिनं डावीकडून उजवीकडे का हलवली होती, ते कळलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती चप्पल दोनदा का आपटायची, ते कळलं. संध्याकाळी विहारात जाणं तिनं बंद केलं होतं आणि गुडघे सांगितले होते. मी गुडघ्यांसाठी तेल आणून दिलं होतं. रोज सकाळी ते ती लावायचीसुद्धा.

डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, थेंब घातले, पुन्हा बघितलं. डावा डोळा काचबिंदूनं गेला होता. जे गेलं ते परत येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता आणि त्याच्यावरही दाब वाढू लागला होता. रोज औषधाचे थेंब आणि लवकर ऑपरेशन, तर तो वाचेल. कधीपासून कमी दिसतंय असं विचारल्यावर आत्या म्हणाली, "टेबलावरचे दिवे बदलले ना, तेव्हापासून." ती खोटं बोलत नव्हती. दिवेच मंद आहेत असं तिला खरोखर वाटत आलं होतं. सव्वीस वर्षं तिनं उजेडात खोट शोधली होती. आपल्या डोळ्यात ती असेल, हे तिनं स्वतःशीसुद्धा कधी मानलं नाही.

ऑपरेशनला तिनं नकार दिला. मी सगळं शिकलेलं बोललो. लेन्स, प्रकाश, पडदा, धोका किती कमी असतो ते. तिनं ऐकून घेतलं.

"दोन होते तेव्हा विचारलं नाहीस," ती म्हणाली. "आता एक उरलाय, तर कापायला निघालास."

दिवाळीच्या आधी ती वांगणीला आई-वडिलांकडे निघून गेली. कारखान्यात पुन्हा गेली नाही, सगळ्यांसमोर झाल्यावर जाणार कशी. माझा फोन आला की आईला म्हणायची, पोळी तव्यावर आहे. दुपारी तीनलाही पोळी तव्यावरच असायची. तिकडे दिवस जात होते आणि त्या एका डोळ्यातला दाब वाढत होता. डॉक्टर म्हणाले होते, वाट बघण्यात महिने घालवू नका.

मी काम करत राहिलो. नव्या काचा घेतल्या, लग्नं उडवली. वरून अंबरनाथ बघितलं की आमच्या चाळीचा निळा प्लास्टिक अंथरलेला पत्रा मला अजून लगेच सापडतो. त्या दिवसांत तो सापडला की मी कॅमेरा दुसरीकडे वळवायचो.

शेवटी पत्र लिहिलं. फोनवर ती येत नव्हती, आणि माझा निरोप दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला जावा असं मला वाटत नव्हतं. तिनं स्वतः वाचावं, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागं काळ्या जाड मार्करनं लिहिलं. एका पानावर पाच-सहा ओळी मावायच्या. अकरा पानं झाली. गुंडाळी करून, सोबत काचांची डबी ठेवून, टपालानं पाठवलं.

वडील सांगतात, तिनं गुंडाळी कुणाच्या हातात दिली नाही. अंगणात उन्हात चटई टाकून, पानांवर दगड ठेवून, एकेका ओळीवर उजवा डोळा नेत ती सगळी दुपार वाचत होती. आईनं वाचून दाखवते म्हटलं, तर तिला चहा करायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांना विचारलं, दवाखान्यात जायला गाडी किती वाजताची धरायची.

थंडीत ऑपरेशन झालं. उरलं होतं तेवढं वाचलं. आता ती अंबरनाथला माझ्याकडे आहे, सकाळ-संध्याकाळ थेंब मी घालतो, रविवारी लाजोमावशी येते आणि दोघी माझ्या लग्नाचा विषय काढून मला घराबाहेर घालवतात. टेबल सुटलं ते सुटलंच.  

ते पत्र तिनं पेटीत ठेवलं होतं. आज डबी उघडली म्हणून तिच्याकडून मागून घेतलं. कडांना दगडाचा चिखल लागलेला आहे. त्यात असं आहे:

प्रिय आत्या,

अक्षर मोठं काढलंय. दमलीस तर थांब, उद्या वाच.

कारखान्यात सगळ्यांसमोर ओरडलो, ती माझी चूक झाली. लाजोमावशीकडे मी माफी मागितली आहे. तुझ्याकडे फोनवर मागता आली नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. मागच्या वर्षी दसऱ्याला आपण विहारात गेलो. तू पांढरी साडी नेसली होतीस, नेहमीसारखी कडक इस्त्रीची. तिच्या पुढच्या निऱ्यांवर तळहाताएवढा चहाचा डाग होता. मी तो घरातच बघितला होता. तुला दिसला नाही, हेही मला समजलं होतं. तरी मी बोललो नाही. वाटलं, आत्या आता गबाळी झाली. माझे कॉलेजचे मित्र येणार होते. म्हणून मी तुझ्या दहा पावलं मागून चाललो, आणि तू वळून वळून मला शोधत होतीस.

तेव्हा बोललो असतो तर डावा डोळा कदाचित वाचला असता. डॉक्टरांना मी हे विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

दोन होते तेव्हा विचारलं नाहीस, असं तू म्हणालीस. ते खरं आहे. त्याहून वाईट आहे. मला दिसलं होतं.

उजव्याचं ऑपरेशन कर, असं आता मी सांगत नाही. सांगायचा हक्क मी घालवला. डॉक्टरांनी तारीख विचारली आहे, एवढं कळवतो. तू म्हणशील त्या दिवशी मी दारात येतो. नाही म्हणालीस तरी येतो. थेंब घालायला.

सोबत त्या चार काचा आहेत. माझं काम अडलंय, असं खोटं लिहीत नाही. दुसऱ्या घेतल्या. पण या तुझ्या हाताखालून गेलेल्या आहेत, त्या मी दुसऱ्या कुणाकडून लावून घेणार नाही, आणि स्वतःही लावणार नाही.

पुढं कधी तुला वाटलं तर अंगणात बस. एकेक आकाशाकडे धर. डोळ्याला घाई नको करू.

लाल ठिपके मी पुसले नाहीत. त्यांच्या शेजारी जागा आहे.

तुझा,
मिलिंद